एकोणीस मतांची सरपंच

कांताबाईचा फॉर्म डमी होता, हे बोरदऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द कांताबाईलाही.

त्या वर्षी सरपंच थेट लोकांतून निवडायचा नवा नियम आला होता आणि बोरदऱ्याचं सरपंचपद महिलेसाठी सुटलं होतं. पंधरा वर्षं सरपंचकी घरातच ठेवलेल्या पुंडलिकरावांनी सुनेचा फॉर्म भरायचं ठरवलं. सोबत आणखी एक फॉर्म असावा म्हणून त्यांचा मुलगा बबलू एका दुपारी मोटरसायकलवर बौद्धवाड्यात आला. कांताबाई अंगणात बसून कापूस वेचायच्या ओटीला टाके घालत होती.

"काकू, सही येते ना तुमाले?"

"येते. कायले?"

"फॉर्मवर पाह्यजे. वहिनीचा पास झाला का तुमचा मांगं घेऊन टाकू. दोन दिवसाचं काम हाय."

कांताबाईचा नवरा धर्मपाल बाजूच्या खाटेवर होता. "मांगंच घ्याचा असन तं भरता काहून?" त्याने विचारलं. बबलू नुसता हसला. कांताबाई पुंडलिकरावांच्या वावरात वेचणीला जायची, त्यांच्या गोठ्यातलं शेणपाणी करायची. नाही म्हणायला तिला काही कारण सुचलं नाही. तिने सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली: कांताबाई धर्मपाल मुनेश्वर.

छाननीच्या दिवशी कोणीतरी त्या सुनेच्या तिसऱ्या मुलाचा जन्मदाखला साहेबांपुढे ठेवला. दोनच मुलांचा नियम, म्हणून सुनेचा फॉर्म गेला. पुंडलिकरावांच्या बाजूने एकच नाव उरलं. मागे घ्यायची तारीख आली तशी गेली, आणि डमी होती ती उमेदवार झाली. समोर तांड्यावरचे ठेकेदार देवसिंग यांची सून वर्षा होती. पंचायतीच्या सात सदस्यांच्या जागा पुंडलिकराव आणि देवसिंग यांनी आधीच वाटून घेतल्या होत्या, चार इकडे, तीन तिकडे. त्या बिनविरोध झाल्या. बबलूही त्यात सदस्य झाला. मतदान होणार होतं ते फक्त सरपंचपदाचं.

बोरदऱ्यात दोन हापशा होत्या आणि दोन्हींना लाल रंग दिलेला होता. लाल म्हणजे हे पाणी पिऊ नका. पण दुसरं पाणी नव्हतं, म्हणून गाव लाल हापशीचंच पीत होतं. पाण्यात फ्लोराइड होतं. लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे यायचे, चाळिशीत माणसांचे गुडघे आखडायचे. धर्मपाल बावन्न वर्षांचा होता आणि त्याची पाठ अशी वाकली होती की त्याला मान वर करता येत नसे. आभाळ पाहायचं तर तो खाटेवर आडवा व्हायचा.

सात वर्षांपूर्वी सरकारने गावात पाणी शुद्ध करायचा प्लँट बसवला होता. अकरा महिने तो चालला. मग एक दिवस त्याला कुलूप लागलं. मोटर चोरीला गेली, टाकी चोरीला गेली, पोलिसात तक्रार दिली आहे, एवढंच उत्तर मिळालं. दर निवडणुकीला दोन्ही बाजू तो प्लँट पुन्हा चालू करायचं बोलायच्या.

मतदानाला आठ दिवस होते, तेव्हा कांताबाईची वेचणीची टोळी देवसिंगच्या मिरचीच्या मळ्यापलीकडे कामाला गेली. चौदा बायका होत्या. टोळी कांताबाई आणि तांड्यावरची नंदाबाई मिळून चालवायच्या. दोघींची वीस वर्षांची संगत होती. दुपारी नंदाबाई हातपाय धुवायला मळ्यातल्या विहिरीकडे गेली आणि बराच वेळ परत आली नाही. कांताबाई पाहायला गेली तर ती मोटरीपुढे उकिडवी बसली होती.

"हे पाय," नंदाबाई म्हणाली.

मोटरीच्या अंगावरचा हिरवा रंग एका जागी उडाला होता. खाली पांढरी अक्षरं होती. 'ग्रा. पं. बोरद' एवढं वाचता येत होतं, पुढचं घासून काढलेलं. बाजूला योजनेची पत्र्याची पट्टी अजून तशीच ठोकलेली होती.

"प्लँटची हाय," नंदाबाई म्हणाली. "नारळ मीच फोडलं होतं हिच्यापुढं."

कांताबाईच्या डोळ्यांपुढे दुसरीच वस्तू आली होती. पुंडलिकरावांच्या गोठ्यात एक मोठी स्टीलची टाकी होती. रोज संध्याकाळी कांताबाई त्या टाकीत गाईंसाठी पाणी भरायची. त्या टाकीलाही अशीच एक पट्टी होती, तिने ती कितीदा ओल्या फडक्याने पुसली होती. मालकांनी तशीच एक विकत आणली असेल, असं तिला सहा वर्षं वाटत आलं होतं.

"नंदा," ती म्हणाली, "टाकी कोठी हाय, ते मले माहीत हाय." आणि ती विहिरीच्या कठड्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कोणीच गेलं नाही. बौद्धवाडा, तांडा आणि मूळ गाव, तिन्हीकडची माणसं बंद प्लँटपुढे जमली. जे एकमेकांविरुद्ध भोंगे लावून फिरत होते, त्या दोघांनी मिळून गावाचं पाणी वाटून घेतलं होतं, मोटर एकाने, टाकी दुसऱ्याने. ही गोष्ट लोकांना पटकन पटतच नव्हती. एक म्हातारा पुन्हा पुन्हा विचारत होता, "दोघायनं मिळून?" आणि दर वेळी कोणीतरी त्याला हो म्हणत होतं.

कोणी म्हणालं, मतदानावर बहिष्कार टाका. तेव्हा धर्मपाल बोलला. तो रोज सलूनमध्ये जाऊन पेपर पूर्ण वाचायचा, म्हणून त्याचं लोक ऐकत.

"बहिष्कार टाकला तं त्यायचे घरचे पन्नास लोक जातीन, मत टाकतीन अन् निवडून येतीन. मशीनवर शेवटी एक बटन असते. नोटा. वरीलपैकी कोणीच नाही. ते दाबा. ते मोजा लागते त्यायले. त्याले जास्त मतं पडले तं निवडणूक रद्द होईन, पुन्हा घ्या लागन. तवा आपण आपला माणूस उभा करू."

सगळ्यांनी कांताबाईकडे पाहिलं. तिचं नाव मशीनवर होतं.

"नाव आता पुसता येत नाही," ती म्हणाली. "पण मीबी शेवटचंच बटन दाबीन. माह्या नावावर कोणी मत नोका देऊ."

नंदाबाईने तिचा हात धरला आणि सभा संपेपर्यंत सोडला नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे सकाळपासून रांग होती. पुंडलिकरावांकडचं आणि देवसिंगकडचं जेवण लोकांनी आदल्या दिवशी पोटभर खाल्लं होतं, पण कोणी कोणाला काही बोलत नव्हतं. कांताबाईचा नंबर आला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मशीन होती. वर पहिलंच तिचं नाव, पुढे कपबशी. खाली वर्षाचं. त्याखाली 'वरीलपैकी कोणीही नाही'. तिने तिसरं बटन दाबलं. मशीन वाजली, ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी वणीला तहसीलमध्ये मोजणी होती. वीसेक जणं दोन गाड्यांनी गेली. दालनाच्या टोकाला जाळी लावलेली होती आणि जाळीमागून गावोगावचे लोक पाहत होते. बोरदऱ्याचा नंबर साडेअकराला आला. मशीन एकच होती. साहेबांनी बटन दाबलं आणि आकडे वाचले.

"कांताबाई धर्मपाल मुनेश्वर, एकोणीस. वर्षा राजकुमार राठोड, अठरा. वरीलपैकी कोणीही नाही, चारशे सत्त्याण्णव."

जाळीमागे सगळं थांबलं. साहेबांनाही तो आकडा दोनदा पाहावा लागला. मग बोरदऱ्याच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या गावांच्या लोकांनी मान वळवून पाहिलं. नंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पदर लावायला विसरली होती.

साहेबांनी कागदावर काही लिहिलं, शिक्का मारला आणि माईक जवळ घेतला.

"बोरदरा ग्रामपंचायत. सरपंच म्हणून कांताबाई धर्मपाल मुनेश्वर निवडून आल्याचं मी जाहीर करतो."

कांताबाईला वाटलं, दुसऱ्याच गावाचं वाचलं. ती जाळीमागे तशीच उभी राहिली. साहेबांनी पुन्हा नाव घेतलं. मागून कोणीतरी तिला पुढे ढकललं.

"साहेब," नंदाबाई जाळीला धरून म्हणाली, "चारशे सत्त्याण्णव मोठे का एकोणीस मोठे?"

साहेब तरुण होते, आणि चिडले नाहीत. ते उठून जाळीजवळ आले. "बाई, नोटा म्हणजे माणूस नाही. खुर्चीवर नोटा बसू शकत नाही. आजच्या नियमाने, जे उमेदवार उभे आहेत त्यांच्यात ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. त्यांना एकोणीस आहेत, दुसऱ्या बाईंना अठरा."

"मंग आमचे मतं?"

"नोंद झाली आहे."

"अन् पुढं?"

"पुढं काही नाही," ते म्हणाले.

कांताबाईला आत नेलं. प्रमाणपत्रावर सही करायला पेन दिलं. ती पेन हातात धरून उभी राहिली.

"साहेब, मीच मले मत नाही देलं," ती म्हणाली. "मीबी शेवटचं बटन दाबलं होतं. मले नाही पाह्यजे हे."

"ते तुम्ही मला सांगायचं नसतं, बाई. मतदान गुप्त असतं. इथं सही करा."

बाहेर पडली तेव्हा बबलू फुलांचा हार घेऊन उभा होता. मागे पुंडलिकराव होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते नुकतंच कुठूनतरी आणून लावल्यासारखं दिसत होतं. आपल्याच डमीने आपल्याला जिंकून दिलं, हे त्यांनाही अजून नीट कळलेलं नव्हतं. बबलूने तिच्या गळ्यात हार घातला, कपाळाला गुलाल लावला. ती नको म्हणायच्या आत फोटो निघाला.

नंदाबाई पाच पावलांवर उभी राहून हे पाहत होती.

"नंदा, मले काहीच माहीत नोतं," कांताबाई म्हणाली.

"एकोणीस जणं कोण हायत, ते तुले माहीत असन," नंदाबाई म्हणाली आणि तांड्याच्या गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या गाडीतल्या बायकाही तिकडेच गेल्या. जागा नव्हती तरी दाटीवाटीने बसल्या.

कांताबाई आणि धर्मपाल एसटीने परतले. फाट्यावर उतरून गावापर्यंत दीड मैल चालावं लागतं. ऊन होतं. धर्मपाल पुढे, पाठ वाकवून, रस्त्याकडे पाहत चालत होता. ती मागे होती. गळ्यातला हार तिने एसटीतच काढून पिशवीत ठेवला होता.

"एकोणीस," ती म्हणाली. "पुंडलिकभाऊच्या घरचे बारा-तेरा. बाकीचे कोण असतीन?"

धर्मपाल थांबला.

"एक मी हावो," तो म्हणाला.

तिला आधी समजलंच नाही. तो तिच्याकडे पाहू शकत नव्हता. पाहायचं ठरवलं असतं तरी त्याची मान तेवढी वळत नव्हती.

"तुमीच तं सांगतलं होतं लोकायले," ती म्हणाली.

"सांगतलं."

"मंग?"

"आत गेलो. मशीन टेबलावर खाली होती, म्हणून मले बरोबर दिसली. पयलं नाव तुह्यं. छापलेलं. राशन कार्डावर पयलं माह्यं नाव हाय, घरकुलाच्या यादीत माह्यं, लाइटबिलावर माह्या बापाचं. तुह्यं नाव असं मोठ्या अक्षरात मी कदीच पाह्यलं नोतं. मले वाटलं, एवढे सारे लोक शेवटचं दाबून राह्यले, आपल्या एका मतानं काय होते. हात गेला."

कांताबाई रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसली. एकोणीस आणि अठरा. तिने बोटांवर मोजल्यासारखं केलं, खरं तर मोजायला काही नव्हतं. तो एक नसता तर दोघींना अठरा-अठरा पडली असती आणि मग चिठ्ठी टाकली असती, का काय केलं असतं, तिला माहीत नव्हतं. आता तिला एवढंच कळत होतं की गावाने जिला नको म्हटलं ती बाई तिच्या नवऱ्याने सरपंच केली होती, आणि तेही प्रेमाने. ओरडावं की त्याचा हात धरावा, हेच तिला समजेना. तिने दोन्ही केलं नाही. एक ट्रक धूळ उडवत गेला, मग ती उठली आणि दोघं घरी आले.

पुढचे चार दिवस बौद्धवाड्यात कोणी तिच्या दारात आलं नाही. हापशीवर ती गेली की बोलणं थांबायचं. वेचणीच्या टोळीत बायका कपाशीची एकेक ओळ, एकेक तास धरून वेचायच्या, तिच्या बाजूचं तास मोकळं राहायचं. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी पुंडलिकराव स्वतः आले. खाटेवर बसले, चहा घेतला. एवढ्या वर्षांत ते या अंगणात कधी बसले नव्हते.

"कांताबाई, तुम्ही घाबरू नका. मीटिंगला येऊन बसाचं फक्त. बबलूले उपसरपंच करून राह्यलो. तो कागद आणीन, तुम्ही सही कराची. तुमचं वेचणीचं काम तसंच चालू राहीन."

"भाऊ, मले राजीनामा द्याचा हाय."

ती हे बोलली आणि पुंडलिकरावांचा चेहरा पडेल असं तिला वाटलं. उलट ते खुलले.

"द्या ना. मी म्हणतच होतो. झेपत नसन तं द्या."

त्यांचं ते खुलणं तिला दिवसभर टोचत राहिलं. दुपारी ती पंचायतीच्या ऑफिसात गेली. ग्रामसेवक एकटाच होता. तिने विचारलं, मी राजीनामा दिला तर काय होते?

"नवीन निवडणूक लागेपर्यंत कारभार उपसरपंचाकडे जातो," ग्रामसेवक म्हणाला.

"किती दिवस?"

"कधी सहा महिने, कधी वर्ष. सांगता येत नाही."

"अन् उपसरपंच बबलू."

ग्रामसेवकाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "ते ठरल्यासारखंच आहे."

गावाने चारशे सत्त्याण्णव वेळा नाही म्हटलं होतं, आणि कुठूनही गेलं तरी वाट पुंडलिकरावांच्याच गोठ्यात जात होती. ती घरी गेली नाही. तशीच तांड्यावर गेली.

नंदाबाई अंगणात मिरच्या वाळवत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मिरच्या पसरायला लागली.

"मी सांगाले आली," कांताबाई म्हणाली. "मंग जाते." आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. मैलाच्या दगडापर्यंतचं, पुंडलिकरावांच्या चहाचं, ग्रामसेवकाचं. धर्मपालचं मतही लपवलं नाही.

नंदाबाईचा हात मिरच्यांवर तसाच राहिला.

"ज्यानं आमाले नोटा शिकोली, त्यानं?"

"हो."

घरातून नंदाबाईच्या मुलीने "याडी" अशी हाक मारली, आईला हाक, तिने ओ दिली नाही.

"राजीनामा दे म्हणशीन तं आज देते," कांताबाई म्हणाली. "पण मंग खुर्चीवर बबलू बसन. मले मोटर आणाची हाय. मी एकटी गेली तं देवसिंग मले हाकलून देईन. त्याले माहीत हाय, माह्या मांगं कोणी नाही."

"जा तू आता," नंदाबाई म्हणाली.

कांताबाईने पदभार घेतला. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने ग्रामसेवकाला कपाटातून पंचायतीच्या सामानाची यादी काढायला लावली. प्लँटची मोटर आणि टाकी त्यात होती, नंबरासकट. तिने दोन पत्रं लिहून घेतली, एक देवसिंगला, एक पुंडलिकरावांना: पंचायतीची वस्तू आपल्याकडे आहे, आठ दिवसांत परत करावी.

"काकू, हे काय करून राह्यल्या तुम्ही?" बबलू म्हणाला. तो अजून हसत होता.

"सही करून राह्यली," ती म्हणाली आणि दोन्ही पत्रांवर सही केली. पुंडलिकरावांच्या नावाच्या पत्रावर तिची सही दोन ओळींवर गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वावरातलं आणि गोठ्यातलं तिचं काम बंद झालं.

आठ दिवसांत कोणी काही परत केलं नाही. नवव्या दिवशी सकाळी तिने शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली. ग्रामसेवकाला सोबत घेतलं, तो कुरकुरत आला. धर्मपाल गाडीत मागे बसला. तांड्याच्या वळणावर बायका उभ्या होत्या. टोळीतल्या सगळ्या नव्हत्या, अकरा होत्या. पुढे नंदाबाई होती. तिने कांताबाईकडे पाहिलं नाही, गाडीवाल्याला म्हणाली, "चाल," आणि गाडीबरोबर चालायला लागली.

देवसिंग मळ्याच्या फाटकात आले. ते मोठ्या आवाजाचे माणूस होते, पण त्या दिवशी हळू बोलले.

"मोटर माही हाय. पावती हाय माह्याजवळ."

"दाखवा," कांताबाई म्हणाली.

"तुले कायले दाखवू? तुले गावानं नाही म्हणलं. एकोणीस मतं पडले तुले."

"हो. तुमच्या सुनेले अठरा पडले," कांताबाई म्हणाली. "सारं गाव दोघायलेबी नाही म्हणलं, ते याच मोटरीपायी म्हणलं."

नंदाबाई विहिरीकडे गेली होती. तिने पट्टीवरचा चिखल पदराने पुसला आणि ग्रामसेवकाला नंबर मोठ्याने वाचायला लावला. त्याने वाचला. यादीत तोच होता. मोटर चालू होती, पाणी मिरचीच्या सऱ्यांत पळत होतं, आणि देवसिंग विहिरीपुढे आडवे उभे होते. बायका पुढे होईनात, ते बाजूला होईनात.

तेव्हा मोटर बंद पडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्टार्टरच्या पेटीपाशी वर्षा उभी होती. सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. तिने पेटीतून फ्यूज काढला होता आणि तो तिच्या मुठीत होता. तांड्यावर तिला कोणी सासऱ्यांसमोर बोलताना ऐकलं नव्हतं आणि त्या वेळीही ती बोलली नाही. फक्त फ्यूज घेऊन उभी राहिली. लेकराने तोंड उघडून जांभई दिली, तेव्हा पुढच्या दोन दातांवर पट्टे दिसले.

देवसिंग तिच्याकडे पाहत राहिले. कांताबाईला पुढे आयुष्यभर त्यांचा तो चेहरा आठवत राहिला. मोजणीच्या दालनात तिचाही तसाच झाला असेल. जे झालं ते कळतं पण आत शिरत नाही, असा. मग ते बाजूला झाले, बांधावर जाऊन बसले. बायकांनी मोटर खोलून गाडीत घातली, त्यात दुपार झाली.

टाकी आणायला जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांनी ट्रॅक्टरवर घालून ती प्लँटपुढे पाठवली. पत्राचं उत्तरही सोबत होतं: टाकी गळत असल्याने गावाच्या हितासाठी सांभाळून ठेवली होती.

एवढ्याने प्लँट चालू झाला नाही. आतली गाळणी सडून गेली होती. ती जिल्ह्याहून मिळवायला कांताबाईला यवतमाळच्या पाच चकरा माराव्या लागल्या. दर चकरेला वेगळा साहेब वेगळा कागद मागायचा. तिसऱ्या चकरेपासून नंदाबाई सोबत यायला लागली. एसटीत दोघी शेजारी बसायच्या, पहिल्यासारखं बोलणं व्हायला मात्र वर्ष गेलं. ग्रामसभेत कांताबाई काही बोलायला उठली की मागून कोणीतरी "एकोणीस" म्हणायचं. पहिल्यांदा ती बोलणं सोडून खाली बसली होती. नंतर ती थांबायची, त्याचं म्हणून झालं की पुढे बोलायची.

पाणी आलं ते एप्रिलमध्ये. लोकांनी कॅन लावले, रांग प्लँटपासून शाळेपर्यंत गेली. धर्मपालची पाठ आता सरळ होणार नव्हती, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. तरी तो रांगेत उभा राहिला, घरी नेईपर्यंत थांबला नाही, तिथेच नळाखाली ओंजळ धरून प्याला. पिऊन झाल्यावर त्याने ओला हात तोंडावरून फिरवला.

"कसं हाय?" कांताबाईने विचारलं.

"याले तं चवच नाही," तो म्हणाला. लाल हापशीच्या पाण्याचीच सवय झालेल्या त्याच्या जिभेला हे पाणी ओळखू येत नव्हतं आणि त्याला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. त्याने पुन्हा ओंजळ पुढे केली. मागे नंदाबाईचा नंबर होता. ती त्याच्याशी त्या मोजणीनंतर बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. त्याचं पिऊन होईपर्यंत कॅन खाली ठेवून उभी राहिली.